आत कोन हाय का?

‘शीतगृहाच्या फाटकाला कुलूप मीच लावले, असे उमेदवार स्वतःच्या तोंडाने सांगत आहेत. शेतकऱ्यांचे बियाणे आत कोंडणारा हा कंपनीचा माणूस उद्या पंचायत समितीत तुमचे प्रश्न मांडणार आहे काय?’

हे वाक्य सध्या आमच्या सातगाव पठारावर जीपवरच्या कर्ण्यातून दिवसभर फिरते आहे. त्याच्या जोडीला एक चित्रफीत प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडली आहे. तिच्यात सोपान पवळे लोखंडी फाटकाच्या गजांमागे उभा आहे, भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर आहे, आणि तो म्हणतो, ‘कुलूप मीच लावलंय.’ चित्रफीत तेथेच संपते. तिच्यात काही जोडकाम आहे असे सोपानचे कार्यकर्ते म्हणतात, ते चूक आहे. आवाज सोपानचाच आहे, स्वेटरही त्याचाच. खोटे आहे ते फक्त वाक्य.

मी तालुक्याच्या न्यायालयात शिरस्तेदार होतो. बापाने मुलासाठी दिलेला कबुलीजबाब मी ऐकला आहे, थोरल्याने धाकट्यासाठी दिलेला ऐकला आहे, आणि एका म्हातारीने आपल्या बैलासाठी दिलेलाही ऐकला आहे. बैलाने दुसऱ्याच्या वावरातला घास खाल्ला होता. म्हातारी म्हणाली, मीच कापून नेला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. मी म्हणतो, कबुली दिली म्हणजे खरे झाले असे मानणाऱ्याने तर मुळीच चढू नये.

आणि विरोधकांना उत्तर देण्यापूर्वी मला सोपानच्या समर्थकांचाही समाचार घेतला पाहिजे. त्यांच्यातला एक गट सांगतो, की सोपान कंपनीत साधा हमाल होता, त्याचा कशाशी संबंध नव्हता. दुसरा सांगतो, की त्याने कंपनीच्या तोंडावर राजीनामा फेकला. दोन्ही थापा आहेत. सोपान त्या शीतगृहाचा पर्यवेक्षक होता. सर्व थंड खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. तो कंपनीचा पगार घेत होता आणि कंपनी बंद पडेपर्यंत घेत राहिला. चांगल्या माणसाला वाचवण्यासाठी त्याला लहान करणे हा उपकार नव्हे. तो जितका होता तितकाच मी त्याला येथे उभा करणार आहे.

आमच्या पठारावर बटाटा पिकतो. डिंभ्याच्या धरणाचे पाणी आमच्यापर्यंत चढत नाही, त्यामुळे आमची सारी मदार पावसावरच्या एका पिकावर. त्याचे बियाणे उन्हाळाभर टिकवायचे तर गारवा हवा. म्हणून एका खासगी कंपनीने माळावर शीतगृह बांधले, तेव्हा आम्ही सर्वांनी आपापल्या गोणी तेथे नेल्या. शीतगृह हा शब्द कर्ण्यावरच्यांचा आणि माझा. गावात त्याला ‘कोल्ड’ म्हणतात.

सोपान दिवसभर त्या कोल्डमध्ये आत-बाहेर करी, म्हणून त्याच्या अंगात बारा महिने स्वेटर असे. तपकिरी, कोपरांवर विरलेला. वैशाखाच्या उन्हात तो तसाच पारावर येऊन बसला, की लोक म्हणत, “सोपानभाऊ, शेकोटी पेटवू का?” तो हसे, स्वेटर काही काढत नसे. आता निवडणुकीच्या फलकासाठी कोणी शहाण्याने त्याचा पांढऱ्या सदऱ्यातला फोटो काढला. फलक चौकात लागला, तेव्हा आमच्या आळीतली एक म्हातारी मला विचारती झाली, “हा कोन नवा पावणा हुबा ऱ्हायलाय, नाना?”

त्याच्या बोलण्यात एक वाक्य सतत येई: “वारं लागू द्या.” हे मूळचे बटाट्याविषयीचे. गारव्यातून काढलेला बटाटा घामेजतो. त्या घामावर वारा फिरला नाही, तर तो आतून सडतो. परंतु सोपान हे भांडणालाही लावी, रुसव्यालाही, सोसायटीच्या सभेतल्या आरडाओरड्यालाही. एकदा मी त्याच्यासमोर ग्रामसेवकावर तोंडसुख घेत होतो. तो सर्व ऐकून म्हणाला, “नाना, लई गरम हाय अजून. वारं लागू द्या, मग आर्ज लिवा.” मी अर्ज त्याच दिवशी लिहिला. मला वारा मानवत नाही.

खंडू आणि बबन या सख्ख्या भावांची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. वाटणीनंतर दोघे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. दोघांच्या गोणी कोल्डमध्ये आल्या. सोपानने थप्पी लावली ती अशी: खाली खंडूच्या, त्यांवर बबनच्या, वर पुन्हा खंडूच्या आणि अगदी माथ्यावर बबनच्या. लागवडीच्या आधी खंडू आपला माल न्यायला आला, तेव्हा मीही माझ्या गोणी पाहायला गेलो होतो.

“माज्या गोनी काढ,” खंडू म्हणाला.

“काढतो की. पर वर बबनच्या हायेत. त्याला घिऊन या.”

“मी त्याच्याशी बोलत न्हाई.”

“बोलू नका. नुसतं उचलू लागा.”

खंडूने सोपानच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. “ही कसली रं थप्पी? मुद्दाम केलंस तू!” सोपान म्हणाला, “व्हय, मुद्दाम केलं,” आणि पुढच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून, तो बाहेर काढून हुंगत बसला. ही त्याची माल तपासण्याची रीत. शेवटी बबन आला. दोघांनी तोंडातून शब्द न काढता गोणी उचलल्या. आज ते दोघे सोपानचा प्रचार एकाच मोटारसायकलवरून करतात. बोलतात की नाही, मला ठाऊक नाही. पण मागे बसलेल्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला आहे.

आता त्याची ती सवय, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

थंड खोलीचा दरवाजा जाड असतो. तो एकदा लागला, की आतल्याची हाक बाहेर येत नाही. म्हणून दरवाजा लावण्यापूर्वी सोपान अंधाऱ्या खोलीत मान घालून ओरडे, “आत कोन हाय का?” मग थांबे. उत्तर आले नाही, की पुन्हा ओरडे. मगच दरवाजा लावी. आपण एकटेच आहोत हे त्याला पक्के ठाऊक असले, तरीही. हळूहळू ही सवय त्याच्या अंगी इतकी मुरली, की कोल्डच्या बाहेरही सुटेना. घरी कोंबड्यांचे खुराडे लावताना तो ओरडे. शाळेचा वर्ग लावायला मदत करी तेव्हा ओरडे. एकदा मंचरच्या स्थानकात रिकाम्या एसटीतून शेवटी उतरताना दार ओढून घेण्याआधी ओरडला, तेव्हा कंडक्टर खालून म्हणाला, “हाय की, डायव्हर हाय! त्याला तरी नेऊ द्या गाडी!”

आमच्या भजनी मंडळात तो टाळ धरी. लय त्याला कधीच साधली नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितले आहे, तेव्हा येथेही लिहितो. भजन संपले, की मारुतीच्या देवळाचा दरवाजा ओढायचे काम त्याचे. तेथेही तो गाभाऱ्याकडे तोंड करून विचारी, “आत कोन हाय का?”

एकदा मी चिडून म्हणालो, “अरे, देव आहे की!”

“त्याला म्हाईतीये, नाना, का मी इचारतो. तरीबी इचारल्यालं बरं.”

देवळातली पखवाजाची पेटी मिटतानासुद्धा तो तिच्यात डोकावून तेच विचारी, आणि सारे मंडळ हसे. त्या पेटीला पूर्वी दोरी असे. पोरे पखवाज काढून बडवत, म्हणून मी माझ्या आईच्या स्मरणार्थ एक जाड पितळी कुलूप मंडळास दिले. जुन्नरच्या तांबटाकडून त्यावर तिचे नाव कोरून घेतले होते. भांड्यावर नाव घालतात, कुलपावर कोणी घालते का, असे म्हणून त्यावरही लोकांनी टिंगल केली. त्यांना मी तेव्हाच उत्तर दिले आहे. पुन्हा देत नाही.

आता फाटकाकडे येऊ.

काही वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात कोल्डचा ट्रान्सफॉर्मर जळाला. यंत्रे थांबली. कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत कोणी फोन उचलेना. सोपान दररोज फोन लावी आणि दररोज पारावर येऊन खरे ते सांगे: “कोन उचलत न्हाई.” अशात कोणी तरी आवई उठवली, की कंपनी आमचे बियाणे परस्पर विकून ट्रक भरणार आहे. तसे काही नव्हते. परंतु आपल्याकडे आवईला पाय असतात आणि चौकशीला पांगुळगाडा लागतो. सकाळी लोक मारुतीच्या देवळासमोर जमले, टाळे ठोकण्याचा ठराव झाला, घोषणा देत मोर्चा माळावर गेला. कामगार चहाला हमरस्त्यावर गेले होते. फाटक ओढले, साखळी घातली, कुलूप लावले. कोणी त्याला हात लावू नये म्हणून त्यावर गोणपाट गुंडाळून सुतळीने शिवले आणि लाखेचा ठिपका दिला. मग निवेदन द्यायला सगळे तहसील कचेरीकडे निघून गेले.

बियाणे वाचवायला ते आले होते. यंत्रे बंद, खोल्या मिटलेल्या, आणि बाहेरून कुलूप; दोन-चार दिवसांत सारे बियाणे जागच्या जागी सडले असते, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. आणि फाटक लावताना एकानेही आत मान घालून विचारले नाही, की आत कोण आहे का.

सोपान होता. शेवटच्या खोलीत, गोणीत कोपरापर्यंत हात घालून.

माझे शेत कोल्डला लागून आहे. दिवस कलताना मी बांधावरून पाहिले, तर सोपान एकटा गोणी ओढून छपराच्या सावलीत आणत होता, सोडत होता, बटाटे पसरत होता. मी फाटकाशी गेलो.

“अरे, तुला कोंडले की रे यांनी!”

“कोंडलं न्हाई, नाना. त्यास्नी वाटलं, आत कोन नाय.”

“मग विचारायला नको?”

“समद्यास्नी कुटं सवय आसती?”

मी म्हणालो, मागची भिंत छातीएवढी आहे, उडी मार आणि घरी जा. तो घाम पुसत म्हणाला, “मी गेल्यावर वारं कोन लावनार? तुमी?” मी म्हणालो, दगड घालून कुलूप तोडू. तो म्हणाला, “तोडलं तर उद्या म्हंत्याल, कंपनीनं मोर्चा मोडला. आन भांडनाच्या नादात बियानं ऱ्हाईल उन्हात. ऱ्हाऊ द्या. दिवस मावळला की खोल्या उघडतो, गार वारं आत घेतो, सकाळी पुन्हा मिटतो. तुमाला जमलं तर भाकर आना.”

मी पिठले-भाकरी आणली. फडक्यात बांधलेली ती शिदोरी त्याने गजांतून आत घेतली. तो उभ्या उभ्या जेवला आणि पुन्हा गोणी ओढायला गेला. खोलीतून बाहेर येऊन दार ओढण्यापूर्वी तो ओरडला, “आत कोन हाय का?” मला हसू आले आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम होणे माझ्या स्वभावात नाही.

सकाळी कंपनीचा एक अधिकारी पोलिसांची जीप घेऊन आला. मोर्चावालेही परतले होते. अधिकारी गरजला, “कुलूप कोणी लावलं? नाव सांगा. आत्ताच्या आत्ता गुन्हा दाखल करतो.” पुढच्या रांगेतले मागे सरकले. कोणी तरी मोबाइल वर धरला होता. तेव्हा गजांमागून आवाज आला.

“कुलूप मीच लावलंय, साहेब.”

“तू? आतून?”

“गजातनं हात बाहिर घातला.”

“आणि गोणपाट? ते कोणी शिवलं?”

“तेबी मीच. लई वेळ व्हता मला.”

“किल्ली कुठंय?”

“हरावली.”

मागे कोणी तरी फसकन हसले. मी बोलायला तोंड उघडले, तर सोपानने माझ्याकडे पाहून मान हलवली. मोबाइलवरची चित्रफीत पहिल्याच वाक्याशी तुटते. पुढचे हे संभाषण त्या जमावातल्या प्रत्येकाने ऐकले आहे, आणि त्यांतले दोघे आज तीच चित्रफीत पुढे पाठवत आहेत. पोलिसाने करवतीने साखळी कापली. आपल्याच नोकरावर आपल्याच फाटकाबद्दल गुन्हा कसा नोंदवायचा, हे त्या अधिकाऱ्याला कळेना. चार शिव्या देऊन तो गेला. फाटक उघडले. लोक आत धावले, तर छपराखाली बियाणे पसरलेले, कोरडे, कोंब फुटायच्या बेतात. बायकांनी ते पदरात घेऊन पाहिले. सोपान स्वेटर झटकत म्हणाला, “पायानं तुडवू नका, कोंब मोडत्याल.” त्या वर्षी पठारावर एक वावर पडीक राहिले नाही.

त्या आठवड्यात भजनाला बसलो, तेव्हा पखवाजाच्या पेटीला सुतळी बांधलेली होती. मी विचारले. कोणी वर पाहिले नाही.

परवा आमच्या चौकात सोपानची सभा झाली. रोपवाटिका चालवणारी एक तरुण बाई गर्दीतून उठली आणि माइक न घेता म्हणाली, “भाऊ, तुमी कंपनीत काय व्हता ते सरळ सांगा. आन कुलूप तुमी लावलं का न्हाई?” कार्यकर्ते तिला बसवू लागले. मी त्यांच्यावर ओरडलो, की बसवायचे असेल तर स्वतः बसा. प्रश्न बरोबर आहे. मत मागणाऱ्याला आमच्या पठारावर आता भर चौकात असा प्रश्न विचारला जातो, याचा मला अभिमान वाटला. माझ्या उमेदीच्या काळात उमेदवाराला फक्त हाराचे विचारत, गळ्यात घालू का म्हणून.

सोपानने पहिल्याचे उत्तर दिले: “पर्यवेक्षक व्हतो, ताई. पगार घेत व्हतो.” दुसऱ्यावर तो म्हणाला, “वारं लागू द्या.” बाई म्हणाली, “मतदानापातूर लागंल का?” सारा चौक हसला, सोपान सर्वांत जास्त.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो एकटाच माझ्याकडे आला. अंगात तपकिरी स्वेटर होता. म्हणाला, फलकावरचा माणूस लोकांना ओळखू येईना, म्हणून घातला. मी त्याला सांगितले, की मी आता लिहिणार. इतकी वर्षे तुझ्या मानेच्या एका हालचालीखातर गप्प राहिलो; ती मान आता लोक खाली घालायला लावत आहेत. त्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

“लिवा,” तो म्हणाला. “पर कोनी लावलं ते लिवू नका. समदी आपलीच हायती. एकादशीला शेजारी बसायचंय.”

तो निघाला. अंगणातून बाहेर पडून त्याने माझ्या कुंपणाचे झापे ओढले, थांबला, आणि मान आत घालून ओरडला, “आत कोन हाय का?”

“मी आहे!” मी ओसरीवरून ओरडलो.

“मंग ठीक हाय,” असे म्हणून तो वळला. रस्त्यावर ती रोपवाटिकेची बाई उभी होती. दोघे बोलत बोलत चौकाकडे गेले. उन्हात तो स्वेटर लांबपर्यंत दिसत होता.

त्याला दिलेला शब्द मी पाळतो. कुलूप कोणी लावले, हे मी लिहिणार नाही. ते सोपानने लावले नाही, आणि कंपनीनेही नाही, एवढेच सिद्ध करतो. माझी साक्ष हवी तर बाजूला ठेवा. म्हातारा त्याचा शेजारी आहे, त्याच्या बाजूचा आहे, असे तुम्ही म्हणणारच. मी मुद्देमाल पुढे करतो.

फाटक उघडल्यानंतर कापलेल्या साखळीसह ते गोणपाटात शिवलेले कुलूप धुळीत पडले होते. सोपानने ते उचलून स्वेटरच्या खिशात घातले. चार दिवसांनी तो माझ्या ओसरीवर आला, गोणपाटाचे गाठोडे तसेच माझ्या हाती दिले आणि म्हणाला, “नाना, हे पेटीला लावा. आन तोंडालाबी.” लाखेचा ठिपका शाबूत होता. मी सुतळी उसवली. ते कुलूप आज माझ्याजवळ आहे. ज्याला यायचे त्याने यावे, हातात घ्यावे आणि मोठ्याने वाचावे.

त्या पितळेवर माझ्या आईचे नाव कोरलेले आहे.